निकोला टेस्ला

निकोला टेस्ला (जन्म : स्मिलयान, १० जुलै १८५६, मृत्यू : न्यूयॉर्क, ७ जानेवारी १९४३) हे सर्बियन वंशाचे अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. प्रत्यावर्ती विद्युतधारेवर (एसी) चालणारी प्रवर्तन मोटर आणि बिनतारी दूरनियंत्रण या दोन शोधांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. घराघरांतील छताचा पंखा पहिल्या शोधावर फिरतो आणि तो हातातल्या रिमोटने चालवण्याची कल्पना दुसऱ्या शोधातून पुढे आली. पहिल्या शोधाने टेस्लांना कीर्ती आणि काही काळ संपत्तीही मिळवून दिली, मात्र त्याच्या मानधनावरचा हक्क त्यांना सोडून द्यावा लागला. दुसऱ्या शोधाला पेटंटची मुदत संपेपर्यंत गिऱ्हाईक मिळाले नाही.

बालपण आणि शिक्षण

टेस्लांचा जन्म त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आजच्या क्रोएशियातील स्मिलयान या खेड्यात झाला. वडील मिलुटिन हे ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते. आई ड्यूका यांना लिहितावाचता येत नव्हते, तरी सर्बियन वीरकाव्याची शेकडो कडवी त्यांना मुखोद्गत होती आणि घरकामासाठी लागणारी लहानसहान अवजारे त्या स्वतः बनवत. आपली स्मरणशक्ती आणि कल्पकता आईकडून आली, असे टेस्लांनी पुढे आवर्जून नोंदवले आहे. पाच भावंडांत ते चौथे. थोरला भाऊ डाने घोड्यावरून झालेल्या अपघातात दगावला. घरात सर्वांत हुशार समजला जाणारा मुलगा गेल्याचे दुःख आईवडिलांच्या मनातून कधी गेले नाही. धाकट्याने धर्मगुरू व्हावे हा वडिलांचा आग्रह त्यानंतर अधिकच वाढला.

१८७०मध्ये टेस्ला कार्लोव्हात्स येथील शाळेत दाखल झाले. तेथे मार्टिन सेकुलिच या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात करून दाखवलेल्या विजेच्या प्रयोगांमुळे त्यांचे आयुष्याचे क्षेत्र ठरले. १८७३मध्ये शिक्षण संपवून गावी परतताच त्यांना पटकीची बाधा झाली आणि जवळजवळ नऊ महिने ते अंथरुणाला खिळून होते. मुलगा वाचतो की नाही अशी अवस्था असताना, तू बरा झालास तर तुला अभियांत्रिकी शिकायला पाठवीन, असा शब्द वडिलांनी दिला. तो त्यांनी पाळलाही. १८७५मध्ये टेस्ला ग्राट्स येथील तंत्रविद्यालयात गेले. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम गुण मिळवले, पुढे जुगाराचा नाद लागला आणि पदवी न घेताच त्यांनी विद्यालय सोडले. १८७९मध्ये वडील वारले.

ठिणग्यांचा प्रश्न

ग्राट्सने टेस्लांना पदवी दिली नसली तरी एक प्रश्न दिला. प्राध्यापक याकोब पोश्ल यांनी वर्गात ग्राम यंत्र आणले होते. हे यंत्र जनित्र म्हणूनही चाले आणि उलट वीज दिली की मोटर म्हणूनही. त्याच्या फिरत्या दंडावर तांब्याच्या पट्ट्यांचा दिक्परिवर्तक असे आणि त्यावर घासत राहणाऱ्या ब्रशांमधून सतत ठिणग्या उडत. दिक्परिवर्तक काढूनच टाकता येणार नाही का, असे टेस्लांनी विचारले. पोश्ल यांनी ते अशक्य कसे आहे हे सांगण्यासाठी एक संपूर्ण तास खर्ची घातला. गुरुत्वाकर्षणासारख्या एकाच दिशेने ओढणाऱ्या बलातून अखंड फिरणारी गती काढण्यासारखे हे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विद्यार्थ्याचा प्रश्न इतक्या गांभीर्याने घेऊन त्याचे उत्तर देणारे शिक्षक म्हणूनही पोश्ल यांची आठवण ठेवायला हवी. त्यांचे उत्तर चुकीचे ठरले, एवढेच.

दिक्परिवर्तक आणि ब्रश हे त्या काळच्या मोटरीचे सर्वांत दुबळे अंग होते. ब्रश झिजत, ठिणग्यांनी तांबे जळे आणि वरचेवर साफसफाई करावी लागे. कारखान्यात देखरेखीला माणूस असे. पण माणसांच्या डोक्यावर छताला टांगलेल्या यंत्राचे ब्रश शिडी लावून बदलत बसणे कोणाला परवडणार?

या प्रश्नाचे उत्तर टेस्लांना १८८२मध्ये बुडापेस्ट येथे सापडले. तेथील दूरध्वनी केंद्रात ते नोकरीस होते. मित्र अँटल सिगेटी यांच्यासोबत शहरातील उद्यानात फिरत असताना, गटेच्या फाउस्टमधील सूर्यास्ताच्या ओळी म्हणता म्हणता कल्पना सुचली आणि काठीने मातीत आकृती काढून ती मित्राला समजावली, अशी हकिकत टेस्लांनी स्वतः अनेक वर्षांनंतर सांगितली. प्रसंगाचे तपशील त्यांच्या एकट्याच्या आठवणीवर आधारलेले आहेत, पण कल्पनेचे स्वरूप नि:संदिग्ध आहे.

स्थिर भागावर तारांची वेगवेगळी वेटोळी बसवायची आणि त्यांना अशा प्रत्यावर्ती धारा द्यायच्या, की एकीचा जोर कमी होऊ लागताच दुसरीचा वाढू लागेल. वेटोळी जागची हलत नाहीत, पण त्यांच्या एकत्रित चुंबकीय क्षेत्राची दिशा सतत पुढे सरकत गोल फिरते. या फिरत्या क्षेत्रात तांब्याचा किंवा लोखंडाचा मोकळा भाग ठेवला, तर त्यात प्रवर्तनाने धारा निर्माण होतात आणि तो क्षेत्रामागे ओढला जाऊन फिरू लागतो. फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज पोचवावी लागत नाही. म्हणून ब्रश नाहीत, दिक्परिवर्तक नाही आणि ठिणग्याही नाहीत. हीच प्रवर्तन मोटर, व्यवहारात जिला इंडक्शन मोटर म्हणतात.

इटलीतील प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस हेही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोचले होते आणि मार्च १८८८मध्ये त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. परंतु अशी मोटर व्यवहारात काटकसरीची ठरणार नाही, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी तिचा पाठपुरावा केला नाही. शोधाचे श्रेय एकट्या टेस्लांना देणाऱ्या लेखनात फेरारिस यांचा उल्लेख गाळला जातो, ते योग्य नव्हे.

अमेरिकेत

पॅरिसमध्ये एडिसन यांच्या युरोपीय कंपनीत काम केल्यावर जून १८८४मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला पोचले आणि एडिसन यांच्याच यंत्रशाळेत रुजू झाले. ही नोकरी सुमारे सहा महिने टिकली. जनित्रे सुधारल्यास पन्नास हजार डॉलर मिळतील असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि नंतर ते विनोदावारी नेले गेले, असे टेस्लांनी लिहिले आहे. त्या काळच्या कंपनीची ऐपत पाहता ही रक्कम अवास्तव वाटते. नोकरी सोडण्यामागे पैशांवरून झालेला काहीतरी मतभेद होता, एवढे मात्र खरे.

पुढे त्यांनी भांडवलदारांच्या मदतीने न्यू जर्सीतील राहवे येथे स्वतःची कंपनी काढली आणि रस्त्यांवरील चापदिव्यांची नवी व्यवस्था बसवून दिली. काम पुरे झाल्यावर भांडवलदारांनी त्यांना बाजूला सारले. पेटंटे कंपनीच्या नावावर होती, त्यामुळे टेस्लांच्या हाती काहीच राहिले नाही. १८८६-८७च्या हिवाळ्यात ते दिवसाला दोन डॉलर मजुरीवर खंदक खणत होते.

एप्रिल १८८७मध्ये आल्फ्रेड ब्राउन आणि चार्ल्स पेक या दोघांनी टेस्लांना मॅनहॅटनमधील लिबर्टी स्ट्रीटवर प्रयोगशाळा काढून दिली आणि येथे प्रवर्तन मोटर प्रत्यक्षात उतरली. १ मे १८८८ रोजी मोटरीची आणि वीजवहन व्यवस्थेची पेटंटे मंजूर झाली. त्याच महिन्याच्या १६ तारखेला अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे टेस्लांनी आपल्या मोटरीवर व्याख्यान दिले.

वेस्टिंगहाउस यांच्याशी करार

पिट्सबर्गचे उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाउस प्रत्यावर्ती विजेचा पुरवठा करत होते. रोहित्राने या विजेचा दाब वाढवून ती लांबवर नेता येई. एडिसन यांच्या दिष्ट धारेला हे साधत नव्हते. मात्र वेस्टिंगहाउस यांच्याजवळ दिवे होते, मोटर नव्हती. जुलै १८८८मध्ये त्यांनी टेस्लांच्या पेटंटांचे हक्क घेतले. रोख व समभाग मिळून ६० हजार डॉलर आणि तयार होणाऱ्या मोटरींच्या दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर मानधन अशा करारातील प्रमुख अटी होत्या.

टेस्ला सल्लागार म्हणून पिट्सबर्गला गेले तेव्हा एक अडचण उभी राहिली. वेस्टिंगहाउस यांची वीज सेकंदाला १३३ आवर्तनांची होती. दिव्यांना ती चाले, पण टेस्लांची मोटर तिच्यावर नीट चालेना. ६० आवर्तने हवीत, असा टेस्लांचा आग्रह होता. कंपनीच्या अभियंत्यांना ते मान्य होण्यास वेळ लागला. शेवटी अमेरिकेत ६० हर्ट्झ हेच प्रमाण रूढ झाले. युरोपात आणि भारतात ५० हर्ट्झ स्वीकारले गेले.

दरम्यान दिष्ट आणि प्रत्यावर्ती धारांच्या पुरस्कर्त्यांमध्ये कडवा संघर्ष पेटला होता. प्रत्यावर्ती धारा प्राणघातक असल्याचे दाखवण्यासाठी जाहीर प्रयोगांत जनावरांना विजेचे धक्के देऊन मारण्यापर्यंत मजल गेली. त्यातच १८९०च्या आर्थिक संकटात वेस्टिंगहाउस यांची कंपनी बुडण्याच्या बेतात आली आणि सावकारांनी खर्च कमी करण्याचा तगादा लावला. दर अश्वशक्तीमागचे मानधन हा त्यांच्या डोळ्यांत सलणारा खर्च होता. टेस्लांनी त्यावरील हक्क सोडला.

टेस्लांनी मित्रप्रेमापोटी कराराचा कागद फाडून टाकला, ही प्रसिद्ध गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर १९४४मध्ये निघालेल्या चरित्रामुळे रूढ झाली. वस्तुस्थिती तितकी नाट्यमय नाही. वेस्टिंगहाउस यांच्याखेरीज आपली मोटर बाजारात आणू शकेल असा दुसरा कोणी टेस्लांना दिसत नव्हता आणि कंपनी बुडाली असती तर मानधनही बुडालेच असते. १८९७मध्ये कंपनीने २ लाख १६ हजार डॉलर एकरकमी देऊन पेटंटांचे सर्व हक्क कायमचे विकत घेतले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण पुढच्या काही वर्षांत जगभर जितक्या अश्वशक्तीच्या मोटरी बसल्या, त्यापुढे ती नगण्य ठरते. उतारवयात टेस्लांवर जी ओढगस्त आली, तिचे मूळ या व्यवहारात आहे.

१८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस यांच्या प्रत्यावर्ती विजेने लाखभर दिवे उजळले. तेथे टेस्लांच्या दालनात तांब्याचे एक अंडे फिरत्या चुंबकीय क्षेत्रात गरगरत टोकावर उभे राहत असे. ज्यांना गणित उमगत नव्हते, त्यांनाही त्यामुळे फिरते क्षेत्र म्हणजे काय ते कळले. नोव्हेंबर १८९६मध्ये नायगारा धबधब्याजवळच्या केंद्रातून बफेलो शहराला वीज मिळाली आणि धारांचा वाद व्यवहारात निकाली निघाला. भारतात कलकत्त्याचा सार्वजनिक वीजपुरवठा १८९९मध्ये दिष्ट धारेनेच सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून वीज मिळू लागली ती १९१५मध्ये, आणि ती प्रत्यावर्ती होती.

याच काळात, १८९६च्या आरंभी, न्यूयॉर्कमध्ये टेस्लांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली. वेदान्तातील प्राण आणि आकाश या संकल्पनांची त्यांच्याशी चर्चा झाल्याचे विवेकानंदांच्या पत्रावरून समजते. बल आणि द्रव्य ही दोन्ही ऊर्जेत परिणत होतात हे टेस्ला गणिताने सिद्ध करून दाखवतील, अशी विवेकानंदांची अपेक्षा होती. तशी सिद्धता टेस्लांनी दिली नाही. पुढे आइनस्टाइन यांचा सापेक्षता सिद्धान्त आला तेव्हा टेस्लांनी त्यालाही विरोधच केला.

बिनतारी नियंत्रणाची नाव

१३ मार्च १८९५ रोजी टेस्लांची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. उपकरणे आणि टिपणे, सर्वच गेले. तीन वर्षांनी, १८९८मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील विद्युत प्रदर्शनात त्यांनी पाण्याच्या हौदात एक लहान लोखंडी नाव सोडली. तिला ना दोरी होती ना तार. टेस्ला बाजूला उभे राहून एका पेटीवरील दांडा हलवत आणि नाव सुरू होई, वळे, थांबे, तिच्यावरील दिवे लागत व मालवत.

नावेत विजेरी होती, मळसूत्र फिरवणारी एक मोटर होती आणि सुकाणू वळवणारी दुसरी. विद्युत चुंबकीय लहरी टिपण्यासाठी धातूच्या भुकटीची नळी बसवली होती. लहर आली की भुकटीचे कण चिकटून त्यातून वीज वाहू लागे. पुढच्या संदेशासाठी नळी उलटी करून कण पुन्हा मोकळे करण्याची यंत्रणाही होती. प्रत्येक संदेशासरशी आतील चकती एक टप्पा पुढे सरके : सुकाणू डावीकडे, थांबा, उजवीकडे, थांबा. एकच कळ पुन्हा पुन्हा दाबून पंख्याचा वेग टप्प्याटप्प्याने बदलण्याची आजची रीत या नावेपेक्षा फार वेगळी नाही.

प्रेक्षकांना हे खरे वाटेना. नावेत शिकवलेले माकड दडवले आहे, इथपासून टेस्ला मनोबलाने नाव चालवतात इथपर्यंत तर्क लढवले गेले. मार्कोनींचे बिनतारी तारायंत्र तेव्हा नवे होते आणि लहरींनी टिंब-रेघांचे संदेश जातात एवढेच लोकांनी ऐकले होते. टेस्लांची लहर संदेश सांगत नव्हती, ती दूरच्या यंत्राला कामाला लावत होती. हा फरक त्या काळी फार थोड्यांच्या लक्षात आला.

८ नोव्हेंबर १८९८ रोजी या शोधाचे अमेरिकन पेटंट (क्रमांक ६१३८०९) मंजूर झाले. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने न्यूयॉर्कला येऊन नाव स्वतः पाहिली आणि मगच मंजुरी दिली, असे टेस्लांनी सांगितले आहे. त्याच वर्षी अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध झाले होते. स्फोटके भरलेली निर्मनुष्य नाव शत्रूवर सोडता येईल आणि अशा अस्त्राच्या धाकाने युद्धेच थांबतील, अशी टेस्लांची कल्पना होती. नौदलाला ती पटली नाही. वॉशिंग्टनमधील एका अधिकाऱ्याला शोधाची माहिती दिली तेव्हा तो हसत सुटला, अशी नोंद टेस्लांनी केली आहे. सतरा वर्षांची मुदत संपून १९१५मध्ये पेटंट सर्वांसाठी खुले झाले, तोवर त्यातून टेस्लांना काहीही मिळाले नव्हते.

नावेच्या प्रयोगातून आणखी एक प्रश्न निघाला होता. दुसऱ्या कोणी तीच लहर सोडली तर नाव त्याचेही ऐकेल. यावर उपाय म्हणून टेस्लांनी दोन वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरी एकाच वेळी आल्या तरच यंत्र प्रतिसाद देईल अशी योजना केली. तिची पेटंटे १९०३मध्ये मिळाली.

वॉर्डनक्लिफ

१८९९मध्ये टेस्लांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रचंड विद्युतदाबाचे प्रयोग केले. १९०१मध्ये जे. पी. मॉर्गन यांच्याकडून दीड लाख डॉलर घेऊन लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे मनोरा बांधायला घेतला. अटलांटिकपार संदेश आणि पुढे तारेविना वीजही पाठवण्याचा त्यांचा विचार होता. डिसेंबर १९०१मध्ये मार्कोनींनी फार कमी खर्चात अटलांटिकपार संदेश मिळवला आणि मॉर्गन यांनी हात आखडता घेतला. काम रखडले आणि बंद पडले. १९१७मध्ये मनोरा पाडण्यात आला. योजना पुरी झाली असती तर जगाला फुकट वीज मिळाली असती, असे सांगितले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही; टेस्लांच्या कल्पनेप्रमाणे वीज पृथ्वीतून फारशी घट न होता जात नाही.

अखेरची वर्षे

यानंतरची सुमारे चाळीस वर्षे टेस्ला एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात राहत होते. अनेक ठिकाणी बिले थकत. ते अविवाहित होते. जंतूंची भीती, तीनने भाग जाणाऱ्या आकड्यांचा हट्ट आणि कबुतरांवरील माया यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९१७मध्ये त्यांना विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे एडिसन पदक मिळाले. नावामुळे या सन्मानात थोडी विसंगती आहे खरी, पण समारंभात टेस्लांनी एडिसन यांच्याविषयी आदरानेच उद्गार काढले.

१९३४पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्यांना दरमहा १२५ डॉलर आणि न्यूयॉर्कर हॉटेलातील खोलीचे भाडे देऊ लागली. दान घेणे टेस्लांना मानवले नसते, म्हणून ही रक्कम सल्लागाराचे वेतन म्हणून दिली जाई. ज्यांच्या मोटरीवर कंपनी उभी राहिली त्यांना हे वेतन मिळण्यास १८८८नंतर ४६ वर्षे लागली. १९३७मध्ये रस्ता ओलांडताना त्यांना टॅक्सीची धडक बसली. डॉक्टरकडे जाण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत. ७ जानेवारी १९४३ रोजी खोली क्रमांक ३३२७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे सामान व कागदपत्रे पुढे बेलग्रेडला नेण्यात आली आणि तेथील निकोला टेस्ला संग्रहालयात ती ठेवलेली आहेत. अस्थीही १९५७मध्ये तेथेच नेल्या. १९६०मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या घनतेच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले.

छताचा पंखा आणि टेस्ला

छताच्या विजेच्या पंख्याचा शोध टेस्लांनी लावलेला नाही. त्याचे श्रेय शिलाई यंत्राची मोटर बनवणारे जर्मन-अमेरिकन यंत्रज्ञ फिलिप डील यांना जाते. १८८०च्या दशकात त्यांनी मोटरीला पाती जोडून ती छताला टांगली. ती मोटर ब्रशांची होती. ब्रशांच्या देखभालीतून पंखा सुटला तो प्रवर्तन मोटर आल्यावर.

आजच्या साध्या पंख्यात वेटोळी असलेला स्थिर भाग मध्यभागी सळईला घट्ट बसवलेला असतो आणि पात्यांसकट बाहेरचे कवच फिरते. घरात एकाच प्रावस्थेची वीज येते. तिच्यातून फिरते क्षेत्र मिळवण्यासाठी वेटोळ्यांचा दुसरा संच कपॅसिटरमधून जोडतात, म्हणजे त्यातील धारा पहिल्या संचातील धारेपुढे राहते. कपॅसिटर कमजोर झाला की पंखा गुणगुणतो पण सुरू होत नाही, किंवा हाताने ढकलल्यावर रेंगाळत फिरतो. अशा वेळी मोटर जळाली असे समजून पंखा टाकून देण्याआधी वायरमनकडून कपॅसिटर बदलून पाहावा. ५० हर्ट्झच्या विजेवर सोळा ध्रुवांच्या पंख्यातील क्षेत्र मिनिटाला ३७५ फेरे घेते आणि पाती त्याच्या थोडी मागे राहतात.

रिमोटवर चालणारे बहुतेक नवे पंखे ब्रशविरहित दिष्ट धारेचे, म्हणजे बीएलडीसी प्रकारचे असतात. नावात दिष्ट धारा असली तरी आतील इलेक्ट्रॉनिक मंडल वेटोळ्यांतील धारा क्रमाक्रमाने बदलून फिरते क्षेत्रच निर्माण करते. फरक असा, की त्यामागे ओढल्या जाणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात, त्यामुळे तेथे धारा प्रवर्तित करण्यात वीज खर्च होत नाही. १२०० मिलिमीटरचा साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७० ते ८० वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा साधारण २८ ते ३५ वॉट. निवड करताना रिमोटपेक्षा हा फरक अधिक मोलाचा आहे. साध्या पंख्याला वेगळा रिसीव्हर जोडून रिमोट लावता येतो. सोय होते, पण विजेची बचत होत नाही.

रिमोटचे दोन प्रकार आढळतात. अवरक्त किरणांचा रिमोट स्वस्त असतो, पण पंख्याकडे रोखून धरावा लागतो. मध्ये कपाट किंवा मच्छरदाणीची जाड झालर आली तर संदेश पोचत नाही. रेडिओ लहरींचा रिमोट टेस्लांच्या नावेचा सरळ वारसदार होय. तो पांघरुणाखालूनही चालतो. पलंगावर खिळलेल्या किंवा उठबस कठीण झालेल्या व्यक्तीसाठी हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा.

बीएलडीसी पंखा बसवताना भिंतीवरील जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो आणि कळेतून वीज थेट पंख्याला द्यावी लागते, कारण रेग्युलेटरने कापलेला किंवा उतरवलेला विद्युतदाब आतील मंडल बिघडवतो. काम सुरू करण्यापूर्वी खोलीची कळ नव्हे, तर मुख्य स्विच बंद करतात. छतातील हूक स्लॅबच्या सळईत पक्का आहे ना, शॅकलच्या बोल्टला पिन घातली आहे ना आणि भूयोजनाची तार जोडली आहे ना, या तीन गोष्टी पाती चढवण्यापूर्वी पाहतात. पाती आणि छत यांत साधारण एक फूट मोकळी जागा असली म्हणजे हवा वरून नीट ओढली जाते. पाती जमिनीपासून किमान सात, शक्यतो आठ फूट उंच असावीत. एका संचातील पाती दुसऱ्या संचाच्या पात्यांशी अदलाबदल करू नयेत. त्यांचे वजन जुळवलेले असते आणि पंखा डगमगण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

एका दिवाणखान्यात रेडिओ रिमोटचे दोन पंखे बसवले आणि जोडणी नीट केली नाही, तर एका रिमोटला दोन्ही पंखे प्रतिसाद देऊ शकतात. टेस्लांनी १९०३च्या पेटंटांत दोन वारंवारतांनी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधले होते तोच हा प्रश्न. आता प्रत्येक रिमोट संदेशासोबत स्वतःचा सांकेतिक क्रमांक पाठवतो आणि पंखा तो क्रमांक लक्षात ठेवतो. म्हणून रिमोटची ओळख करून देताना एका वेळी एकाच पंख्याची कळ चालू ठेवतात.